चाकाखालचा दगड

हर्सूल
२२ एप्रिल २०२४

बिरूदादा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून वरचा पत्ता ऑफिसातल्या मेघाकडून लिहून घेतला आहे. आता उघडलंच आहेस तर एवढं वाच. फोन करून पाहिला होता. फर्दापूरच्या एका माणसाने तुझ्या गॅरेजच्या पाटीवरचा नंबर दिला. ‘मी शालू’ म्हटल्याबरोबर तू ठेवून दिलास आणि त्यानंतर माझा नंबर लागतच नाही. म्हणून रजिस्टर पोस्ट.

एक इंग्रजी शब्द सापडला आहे, तो तुला सांगायचा आहे. हसू नकोस. माझं पोट आता शब्दांवरच चालतं. शहागंजजवळ एक छोटं प्रकाशन आहे, तिथे आम्ही कायद्याचा इंग्रजी-मराठी कोश करतो. ‘डी’ अक्षर माझ्याकडे आहे आणि मेअखेर ते हातावेगळं करायचं आहे. काकासाहेब म्हणून एक निवृत्त वकील आमचे संपादक आहेत.

शब्द आहे ‘डिओडँड’. मूळ लॅटिन, अर्थ ‘देवाला द्यायची वस्तू’. इंग्लंडात सहाशे-सातशे वर्षं हा कायदाच होता. गाडीखाली, बैलाच्या शिंगाने, विहिरीच्या रहाटाने, कशानेही माणूस अपघाती मेला की पंच बसायचे आणि कोणत्या वस्तूने जीव घेतला ते ठरवायचे. मग ती वस्तू किंवा तिची किंमत मालकाकडून काढून घ्यायची. नावाला देवासाठी, दानधर्मासाठी. जायची राजाकडे.

मी काकासाहेबांना विचारलं, “हा शब्द ठेवायचा का? पावणेदोनशे वर्षांपूर्वी मेलाय.”

ते म्हणाले, “कोशात मेलेल्यांनाच जागा लागते, शालूबाई. जिवंतांना लोक ओळखतात.”

मग मी त्यांना आपल्या वाडीचं सांगितलं. आपण धनगर, मेंढरांमागे फिरणारी माणसं. आपल्यात माणूस मारणारी वस्तू विकत नाहीत, मोडत नाहीत, कामाला लावत नाहीत. बिरोबाच्या माळावर नेऊन देवाला सोडतात. शिंग मारणारा एडका सोडला होता, तुटलेला दोर सोडला होता. आणि आता अकरा वर्षं तिथे एक ट्रॅक्टर उभा आहे, पाण्याच्या टाकीसकट, स्टिअरिंगला घंटा बांधलेली.

काकासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “ट्रॅक्टर कुणाचा?”

“आमचाच.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. चांगला माणूस आहे.

आता मागणं. हनुमान जत्रा कमिटीचा अध्यक्ष झाला आहे. हो, आपला चुलतभाऊच. यंदा वाडीला थेंब नाही, सरकारी टँकर चार दिवसांनी येतो. १९ मेला जत्रा आहे, आणि त्यांनी ठरवलं आहे की तो ट्रॅक्टर चालू करायचा, टाकी भरायची आणि माळावर उभी करून लोकांना पाणी वाटायचं. देवाला कौल लावला, उजवा मिळाला. देवाची वस्तू देवाच्या कामाला, असं म्हणतात.

त्या ट्रॅक्टरमध्ये नेमकं काय बिघडलं होतं? तेव्हा तू सगळ्यांना काहीतरी सांगत होतास, माझ्या आता नीट लक्षात नाही. दोन ओळी लिहून पाठव. तुझं नाव न घेता मी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीपर्यंत पोचवीन.

माय बरी आहे. दर रविवारी माळावर जाते, बिरोबाला भंडारा वाहते आणि येताना पायातली चप्पल काढून ट्रॅक्टरच्या चाकाला एक हाणते. अकरा वर्षांत एकही रविवार चुकला नाही.

शालू

———

हर्सूल
२ मे २०२४

बिरूदादा,

पोचपावतीचं कार्ड परत आलं. तुझी सही आहे आणि सहीच्या बाजूला ग्रीसचा अंगठा. पत्र नाही. तरीही ते कार्ड मी टेबलावर ठेवलं आहे. अकरा वर्षांनी तुझ्या हाताचं काहीतरी घरात आलं.

गेल्या आठवड्यात त्या शब्दाच्या मागे लागून मी बरंच वाचलं. त्यात एक बारकावा होता. चालत्या गाडीने माणूस मेला तर अख्खी गाडी देवाची, बैलांसकट, वरच्या मालासकट. कारण सगळंच त्याच्याकडे चालून आलं. पण गाडी उभी असेल, आणि कुणी तिच्या चाकावर पाय देऊन चढताना पडून मेला, तर फक्त ते चाक द्यायचं. गाडीचं बाकी काही नाही. म्हणजे सातशे वर्षं माणसं एवढंच विचारत बसली होती: हललं काय? आणि किती हललं?

आपल्या पंचांनी एवढाही विचार केला नाही. ट्रॅक्टर हलला, आबा त्याच्या पुढ्यात होते, ट्रॅक्टर देवाला. आणि बिरूने उतारावर दगड न लावता गाडी उभी केली, म्हणून बिरू घराबाहेर.

काल हनुमानला फोन केला. म्हटलं, “ब्रेक नीट बघून घ्या रे.”

“बघितलाय ना. शहरातून मिस्त्री आणलाय, नवी बॅटरी, नवे टायर. ब्रेकचं लॉक मारून उतारावर दहा मिन्टं उभा केला, केसभर हलला नाय. व्हिडिओ टाकलाय ग्रुपवर, बघितला नाय व्हय?”

“दहा मिनिटं पुरत नाहीत.”

“तुला काय म्हाईत? तू शब्दांची बाई. ट्रॅक्टरची कवापासून झालीस?”

“व्हिडिओ बघते,” मी म्हटलं. मग तो म्हणाला, “अन् ऐक, पहिली घागर बानाकाकीच्या हातानं भरायची. कमिटीत ठरलंय. तिच्या कुंकवाचा जीव घेतला त्यानं, तर तिनंच पहिलं पाणी घ्यावं. म्हंजी फिटलं समदं.”

मी विचारलं, माय काय म्हणाली.

“म्हणली, येते. चप्पल घालून येऊ का काढून, एवढंच विचारलं.”

तो हसत होता. मी फोन ठेवला.

व्हिडिओ मी पाहिला. बिरोबाचा माळ, आपल्या घरापुढच्यासारखाच उतार, वर देऊळ आणि खाली कातळापर्यंत सपाट जागा, जिथे बायकांची रांग लागणार आहे. तोंड खालच्या बाजूला करून ट्रॅक्टर उभा. चाकाखाली काहीही नाही.

आमच्या गल्लीत एक दिवसाआड टँकर येतो. मी कधीच त्याच्या पुढून जात नाही, मागून वळसा घालते. शेजारची साळूबाई म्हणते, “बाई, त्यो काय वाघ हाय का?” तिला काय सांगू.

मागच्या पत्रात मी लिहिलं, माझ्या लक्षात नाही. ते तितकं खरं नव्हतं. त्या सकाळी तू फुलंब्रीला निघताना मला काहीतरी सांगितलं होतंस, हे आठवतं. माझी बी.ए.ची परीक्षा सुरू होती, मी पुस्तकात होते. शब्द नीट कानावर आले नाहीत. ते शब्द मला पुन्हा सांग. लॉक की गिअर? दोन्ही? मिस्त्रीला नेमकं सांगितलं तरच तो ऐकेल.

सतरा दिवस उरले आहेत.

शालू

———

हर्सूल
९ मे २०२४

दादा,

दुसरं कार्ड आलं. सही आहे, अंगठा नाही. या वेळी हात पुसून सही केलीस. म्हणजे पत्र वाचलं असावंस, असं मी धरून चालते. आणि तरी उत्तर नाही. का नाही, ते मला कळतं. ज्या माणसाने एकदा सांगितलं आहे त्याने पुन्हा का सांगावं?

मी ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता.

तू ओसरीच्या कडेला उभा होतास, एक पाय चपलेत. म्हणालास, “शाले, आबा मेंढरं घेऊन आले की त्यान्ला सांग. ट्रॅक्टरला हात लावू नका. लॉक धरतंय अन् थोड्या येळानं सोडतंय. गिअर बी आपसूक निसटतोय. दगडावर उभाय त्यो, निस्ता दगडावर. मी पार्ट घेऊन येतो.” मी हूं म्हटलं. तू म्हणालास, “निस्तं हूं नको, सांग काय सांगितलं ते.” आणि मी पुस्तकातून मान वर न करता सगळं तुला म्हणून दाखवलं. तू हसलास, म्हणालास, “पास हाय तू,” आणि गेलास.

आबा अकराला आले. मी खिडकीतून पाहिलं. मला वाटलं, हे पान संपवू आणि मग सांगू. मेंढरं वाड्यात घालायची होती, वाड्याभोवतीच्या जाळीचे खुंटे ठोकायला त्यांना दगड हवा होता. आसपास कुठे हाताशी नव्हता. त्यांनी चाकाखालचा उचलला. त्यांना काय माहीत? लॉक मारलेलं दिसत होतं, गाडी हलत नव्हती. तिच्याच पुढ्यात, उतारावर, बसून ते खुंटा ठोकायला लागले. तीन-चार ठोके मी ऐकले. मग ठोके थांबले.

दुपारी जमादाराने विचारलं, दगड होता का? तू म्हणालास, “व्हता. मी शालूला सांगून गेलो व्हतो.” सगळे माझ्याकडे वळले. माय आबांच्या अंगावर पडली होती, तिनेही मान वर केली. मी म्हटलं, “मला काही सांगितलं नाही.”

एवढंच वाक्य. नंतर ते बदलायची संधी कितीदा तरी आली, आणि दर वेळी ते आधीपेक्षा जड झालेलं असायचं. तुला नेलं. जामिनाला घरातून कुणी उभं राहिलं नाही. एकोणीस दिवस तू हर्सूलच्या तुरुंगात होतास. पुढे केसमधून सुटलास, पण मायने दार उघडलं नाही.

मी खोली हर्सूलला का घेतली, असं मेघा विचारते. भाडं कमी आहे म्हणून सांगते. गच्चीवरून तुरुंगाची भिंत दिसते. कपडे वाळत घालताना मी तिच्याकडे पाठ करते, आणि तरी ती तिथे आहे हे पाठीला कळतं.

त्या शब्दाचा शेवट सांगते. आगगाडी आली आणि तो मेला. बैलगाडीचं चाक देवाला देणं वेगळं आणि कंपनीचं इंजिन देणं वेगळं. रेल्वेखाली माणसं मेली की पंच इंजिनाची जबर किंमत लावू लागले, कंपन्या हादरल्या. १८४६ साली कायदाच रद्द केला. त्याच वर्षी दुसरा कायदा आला, की कुणाच्या चुकीने माणूस मेला तर त्या माणसाने मेलेल्याच्या घरच्यांना भरपाई द्यावी. तेव्हापासून वस्तूला विचारणं संपलं, माणसाला विचारायला लागले.

काकासाहेबांना मी नोंद दाखवली. ‘ज्या वस्तूच्या हालचालीने माणसाचा अपघाती मृत्यू झाला ती देवाला द्यावी, असा जुना इंग्रजी नियम.’ ते म्हणाले, “बरोबर आहे. पण यात माणूस कुठंय?”

मी म्हटलं, “या शब्दात माणूस नाहीच, काकासाहेब. म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला.”

दादा, मला भीती वाटते. तुझी नाही, पोलिसांचीही आता फारशी नाही. हनुमानला खरं सांगितलं तर तो पहिला प्रश्न विचारेल, तुला कसं माहीत? आणि त्याचं उत्तर मायच्या कानावर जाईल. तिने अकरा वर्षं चुकीच्या चाकाला चप्पल मारली हे तिला कळेल. ते तोंड मला बघवणार नाही. आणि नाही सांगितलं तर १९ तारखेला ती घागर घेऊन त्याच चाकाच्या पुढे उभी असेल.

तू हनुमानला एक फोन कर. तू सांगितलंस तर ते वेगळं होईल. मी मागे उभी राहीन.

शालू

———

हर्सूल
१४ मे २०२४

दादा,

नऊ तारखेचं पत्र आज परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लिहिलं आहे, ‘घेण्यास नकार’. उघडलेलं नाही. म्हणजे जे लिहायला मला अकरा वर्षं लागली ते तू वाचलंच नाहीस. आणि मी पाच दिवस समजत होते की तुला माहीत झालं आहे. त्या पाच दिवसांत मला जरा हलकंही वाटलं होतं. आता तेही गेलं.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पण लिहिते, कारण लिहिलं नाही तर मी पुन्हा मागे फिरेन, हे मला ठाऊक आहे.

काल मायशी बोलले. मी म्हटलं, “माय, तू नको जाऊ पुढं. दुसऱ्या कुणाला तरी घेऊ दे पहिली घागर.”

“का?”

“उगाच. भीती वाटते.”

“मला नाय वाटत. मला तर त्याच्या पुढ्यात उभं राहून त्याच्याकडं बघायचंय. तुह्या आबान्ला येवढंबी बघायला मिळालं नाय, पाठ व्हती त्यांची.” मग म्हणाली, “पाठ व्हती, हे तुला म्हाईत हाय का? तू तर घरात व्हतीस.”

मी म्हटलं, तूच सांगितलंस ना मागे. ती म्हणाली, “आसंल.” तिच्या त्या ‘आसंल’चा आवाज अजून कानात आहे.

नऊ तारखेच्या पत्रातही एक गोष्ट मी लिहिली नव्हती.

लोक म्हणाले दगड नव्हताच, कारण कुणाला तो दिसला नाही. तो खुंट्याजवळ पडला होता. तू त्याला चुना लावला होतास, पांढरा, लांबून दिसावा म्हणून. ठोके थांबले तशी मी पहिली धावत गेले. आबांकडे पाहिलं, मग त्या दगडाकडे. माणसं यायच्या आत मी तो ओढणीत घेतला आणि ज्वारीच्या कणगीमागे टाकला. का, ते मला विचारू नकोस. तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं. हात गेले.

तो दगड माझ्याकडे आहे. शहरात आले तेव्हा पुस्तकांच्या पेटीत तळाशी घालून आणला. पाच खोल्या बदलल्या, प्रत्येक वेळी तो बरोबर आला. मागच्या वर्षी हमालाने पेटी उचलून विचारलं, “ताई, क्या पत्थर भरे हैं?” मी हो म्हटलं, तो हसला. टाकून द्यायला दोनदा हर्सूलच्या तलावावर नेला आणि परत आणला. टाकला तर तू खरं बोलत होतास याचा शेवटचा पुरावा जाईल, असं एकदा वाटायचं. ठेवला तर तो कुणाला तरी सापडेल, असंही वाटायचं. हल्ली मी खोलीत झाडू मारताना पलंगाखालच्या त्या पेटीच्या बाजूला जात नाही.

चालत्या गाडीने मेला तर अख्खी गाडी देवाची, उभ्या गाडीचं फक्त ते चाक. हा नियम वाचला त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच आहे. आपल्या वाडीने देवाला चुकीची वस्तू दिली. द्यायची वस्तू माझ्या पलंगाखाली आहे.

शनिवारी सकाळच्या एसटीने वाडीला जाते.

शालू

———

बिरोबाचा माळ
१८ मे २०२४, दुपार

दादा,

हे पत्र हनुमानच्या हाती देते आहे. त्याने आत्ता इथून तुला फोन लावला होता, वाडीचं नाव ऐकताच तू ठेवलास. म्हणून तो मोटरसायकल घेऊन निघाला आहे. सोबत मागची दोन पत्रं आहेत, एक ‘घेण्यास नकार’ शेऱ्याचं आणि एक न टाकलेलं. पण ती नंतर वाच. आधी हे.

मी साडेदहाला पोचले. मला वाटलं होतं टाकी उद्या भरतील. पण त्यांनी आजच भरली होती, पूर्ण, आणि ट्रॅक्टर उतारावर व्हिडिओतल्याच जागी लावला होता. खाली बायका मांडव झाडत होत्या. माय त्यांच्यात होती. लॉक मारून किती वेळ झाला विचारलं, तर मिस्त्री म्हणाला, पाऊण तास.

मी ओरडून सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. बायका हलल्या, माझ्याकडे बघत, पदर सावरत. हनुमान आला. “काय लावलंय हे, शाले?”

मी सगळं सांगितलं. लॉक, गिअर, दगड. त्याने तोच प्रश्न विचारला, “तुला कसं म्हाईत?”

“दादाने सांगितलं होतं. त्या सकाळी.”

“तू तर म्हणली व्हतीस...”

“खोटं बोलले होते.”

कडुबा पुजारी हातातला नारळ तसाच धरून उभा होता. मी पिशवीतून दगड काढला. चुना जवळजवळ गेला आहे, एका खळग्यात तेवढा पांढरा राहिलाय. मी मायकडे बघू शकत नव्हते, म्हणून दगडाकडे बघत उभी राहिले.

मायचे पाय दिसले. ती माझ्यासमोर येऊन थांबली. चपला नव्हत्या.

“हिकडं दे,” ती म्हणाली.

तिने दगड घेतला, पदराने पुसला, त्या खळग्यात बोट घातलं. “बिरूचा चुना,” एवढंच म्हणाली. मला वाटलं ती तो माझ्या डोक्यात घालेल. घातला असता तरी मी हलले नसते. पण ती वळली आणि सरळ ट्रॅक्टरकडे चालायला लागली. खालच्या बाजूने, चाकाच्या पुढून. लोक ओरडले, “बानाबाई, तिकडून नको!” तिने ऐकलं नाही. वाकून दगड मोठ्या चाकाच्या पुढे ठेवला, टाचेने दोनदा आत दाबला, आणि त्याच्या पुढ्यात, उतारावर, खाली बसली. चाकाकडे तोंड करून.

“बिरूला बोलवा,” ती म्हणाली. “दगड नीट बसलाय का नाय, ते त्योच सांगंल. तवर मी उठत नाय.”

हनुमान जवळ गेला. “काकी, ऊठ ना. मानलं समद्यांनी. गाडी काढून घेतो.”

“तुमी समद्यांनी त्या येळीबी मानलं व्हतं.”

मिस्त्रीला म्हटलं, वर चढून गाडी मागे घे. तो म्हणाला, “मी नाय चढत बाबा. पायडल दाबलं की लॉक सुटणार, अन् ब्रेकनं धरलं नाय तर म्हातारी पुढंच हाय.” मग कुणीतरी म्हणालं, पाणी सोडून टाकी हलकी करा. मागचा कॉक उघडला. पाणी उतारानेच आलं, थेट चाकाखाली, दगडाखाली. माती भिजायला लागली तेव्हा सगळे एकदम ओरडले आणि कॉक बंद केला. तेव्हापासून कुणी कशाला हात लावत नाही. चाकाला आणखी दगड लावायला कुणी वाकलं की माय हात आडवा घालते. दोघा-तिघांनी मायला उचलून न्यायचं ठरवलं, तर तिने दोन्ही हातांनी चाकाचा टायर धरला. गाडीला धक्का बसेल म्हणून ते मागे सरले.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने मला ढकललं नाही, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. चाकाकडे बघतच म्हणाली, “तुह्या नव्हं, त्याच्या तोंडून ऐकायचंय मला. त्यानं कसा लावला व्हता.”

दादा, तुला माझ्यासाठी यायचं नाही. मला काय शिक्षा द्यायची ते तू नंतर ठरव, मी कुठेही जाणार नाही. हनुमानच्या मागे बस आणि ये. दोन तासांचा रस्ता आहे. लॉक कसं सुटतं, गिअर कुठे निसटतो, दगड कोणत्या बाजूने घालायचा, हे इथे कुणालाही माहीत नाही. मला तू म्हणून दाखवायला लावलं होतंस आणि मी पास झाले होते. आज मला फक्त शब्द आठवतात, दगड कसा बसवायचा ते नाही.

पोचपावती नको. मी हे गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे, मायच्या शेजारी, चाकाच्या पुढे. माती अजून ओली आहे.

शालू